डायनोसॉर किती वर्षे जगत असत?



बैलबाजारात तुम्ही गेला असालच. बैल मनात भरला, चाल पाहिली, खांदा पाहिला, की मग घेणारा काय करतो? सरळ बैलाचे तोंड धरतो आणि खालचा ओठ ओढून दात पाहतो. अदत आहे, दोनदाती आहे, चारदाती, सहादाती की जुळलेला, यावरून वय ठरते. मालक तोंडाने काय सांगतो याला तिथे फारशी किंमत नसते. गाय असेल तर जाणता माणूस शिंगाच्या बुडाशी बोट फिरवतो, कारण वेतागणिक शिंगावर एक कडे उमटते. दलालही काही कमी नसतो. तो आदल्या रात्रीच शिंगाला कानस मारून ठेवतो. दोन-तीन कडी गेली, की गाय दोन-तीन वर्षांनी तरुण!

ही बाजारातली गोष्ट आज सांगायचे कारण म्हणजे शाळेतली मुले. डायनोसॉर या प्राण्याविषयी मुलांना मोठे कुतूहल असते. तो केवढा होता, काय खात होता, हे ती विचारतात आणि त्याची उत्तरे पुस्तकात मिळतात. पण कोणी तरी चुणचुणीत मुलगी उभी राहते आणि विचारते, “गुरुजी, तो किती वर्षं जगायचा?” इथे गुरुजींची पंचाईत होते. मी स्वतः एका वर्गात छातीठोकपणे “दोनशे वर्षे” असे सांगून मोकळा झालो होतो. ते साफ चूक होते. त्या वर्गातली मुले आता मोठी झाली असतील. त्यांच्यापैकी कोणी हे ऐकत असेल तर त्याने ते उत्तर खोडून टाकावे.

आधी एक घोटाळा दूर करू. डायनोसॉर सोळा कोटी वर्षे पृथ्वीवर होते, असे आपण वाचतो. ही त्यांच्या वंशाची मुदत झाली. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी उदयाला आले आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, त्यांच्यातली पक्ष्यांची शाखा तेवढी सोडून, सगळे नाहीसे झाले. एखादे घराणे गावात तीनशे वर्षे नांदते आहे म्हणून त्या घरातले आजोबा तीनशे वर्षांचे होत नाहीत. आज आपल्याला घराण्याचे नाही, आजोबांचे वय काढायचे आहे. ती मुलगी तेच विचारत होती.

दोनशे वर्षांचे उत्तर आले कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. १८४२ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने या प्राण्यांना डायनोसॉर हे नाव दिले. नावाचा अर्थ ‘भयंकर सरडा’. सरडा म्हटल्यावर पुढचे तर्कही सरड्याच्या, मगरीच्या आणि कासवाच्या वळणाने गेले. मगर सावकाश वाढते, कासव तर त्याहून सावकाश. मगर ज्या दराने वाढते त्याच दराने तीस टन वजनाचा प्राणी वाढला असे धरले, तर त्याला पुरते वाढायलाच शंभर वर्षे लागणार, आणि मग तो दोनशे वर्षे तरी जगत असणार! गणितात चूक नाही. धरलेला दर चुकीचा. शिक्षक मंडळींना हे सांगायला नकोच. व्याजाचा दर चुकला, की मुदतही चुकते.

आता खरा दर कळावा कसा? दात पाहण्याची आपली युक्ती इथे चालत नाही. बैलाला दुधाचे दात पडून कायमचे दात एकदाच येतात, म्हणून ते वय सांगतात. डायनोसॉरचे दात जन्मभर पडत आणि त्या जागी नवे येत. म्हाताऱ्याच्या तोंडातही कोवळा दात सापडायचा. शिंगे सगळ्यांना नव्हती. मग उरले हाड, आणि हाडाने मात्र वय राखून ठेवले आहे.

तुम्ही सागाचा कापलेला बुंधा पाहिला असेल. त्यावर एकात एक अशी वर्तुळे दिसतात. पावसाळ्यात झाड झपाट्याने वाढते, उन्हाळ्यात वाढ मंदावते, आणि त्या मंदावण्याची खूण म्हणून लाकडात एक रेघ उमटते. हाडाचेही असेच होते. हाड म्हणजे काही निर्जीव खुंटी नव्हे. त्यात रक्त खेळते, ते बाहेरच्या अंगाने थर चढवत जाड होत जाते. चारापाण्याचा हंगाम संपला, की शरीर हात आखडता घेते. हाडाची वाढ काही काळ थांबते आणि तिथे एक काळसर रेघ राहते. हंगाम आला, की पुन्हा नवा थर. एक रेघ म्हणजे एक वर्ष.

ही रेघ नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. दगड झालेल्या हाडाची एक चकती कापतात, ती काचेवर चिकटवतात आणि घासत घासत इतकी पातळ करतात, की तिच्यातून उजेड पार जावा. मग ती सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून रेघा मोजतात. वस्तुसंग्रहालयातला अनमोल सांगाडा कोणी करवतीखाली सहजासहजी देत नाही, म्हणून काही संशोधक बारीक गिरमिटाने हाडाचा बोटाएवढा गाभाच काढून घेतात.

कोणी म्हणेल, रेघ वर्षालाच एक उमटते हे कशावरून? शंका रास्त आहे. ज्यांचे वय माहीत आहे अशा मगरींसारख्या जिवंत प्राण्यांची हाडे तपासून हा ताळा आधी घेण्यात आला. तरीही बरीच वर्षे एक समजूत होती, की अशा रेघा फक्त थंड रक्ताच्या प्राण्यांत उमटतात. गाय-म्हैस-हरिण यांच्या हाडांत नाही. २०१२ साली स्पेनमधील माइके कोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रवंथ करणाऱ्या ४१ जातींच्या रानटी जनावरांची हाडे तपासली. त्यांत उष्ण प्रदेशातली जनावरे होती, बर्फाळ मुलखातलीही होती. सर्वांच्या हाडांत वर्षाची रेघ सापडली. वाढीचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम जनावराचे अंग बरोबर ओळखते. आपल्या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

आता या कामातली एक अडचण. ती समजली म्हणजे पुढचे आकडे किती जपून घ्यायचे हे कळते. हाडाच्या आत पोकळी असते. मटण खाणारे तिला नळी म्हणून ओळखतात. जनावर वाढते तशी ही नळी आतून रुंद होत जाते, आणि आतले जुने थर, म्हणजे बालपणाची वर्षे, पुसली जातात. बाजारातला दलाल कानशीने जे करतो तेच निसर्ग इथे आतून करतो! यावर उपाय म्हणजे एकाच जातीच्या लहान-मोठ्या अनेक प्राण्यांची हाडे जमवायची. थोरल्या भावाच्या वहीची पहिली पाने फाटली असतील, तर धाकट्याची वही शेजारी ठेवून धडे जुळवावेत, तसे लहान हाडातल्या रेघांवरून मोठ्या हाडातल्या हरवलेल्या रेघा भरून काढायच्या. यात थोडा अंदाज येतोच. शिवाय एखाद्या वर्षी दोन रेघाही उमटतात. म्हणून दोन संशोधकांच्या मोजणीत चार-पाच वर्षांचा फरक पडला, तर त्यात बिचकण्यासारखे काही नाही. बैलाच्या दातांवरूनही दोन जाणत्यांचे एकमत कुठे होते?

मुलांना सर्वांत प्रिय असतो टायरॅनोसॉरस रेक्स. हत्तीएवढ्या वजनाचा, दोन पायांवर चालणारा, केळ्याएवढ्या दातांचा हा मांसाहारी प्राणी उत्तर अमेरिकेत राहत होता. १९९० साली अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यात सू हेंड्रिक्सन या बाईंना एका कड्यातून बाहेर आलेली याची हाडे दिसली. बाईंच्या नावावरून त्या सांगाड्यालाही ‘सू’ म्हणतात, मात्र तो नर होता की मादी हे कळायला मार्ग नाही. जमीन कोणाची आणि हाडे कोणाची यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १९९७ साली लिलाव झाला आणि शिकागोच्या फील्ड म्युझियमने ८३ लाख डॉलरहून अधिक किंमत मोजून हा सांगाडा घेतला. बांधाच्या भांडणाइतकेच हाडांचे भांडणही चिवट असते, इतकेच म्हणतो.

२००४ साली ग्रेगरी एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूच्या आणि तिच्या जातभाईंच्या हाडांतील रेघा मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोठमोठ्या भार वाहणाऱ्या हाडांऐवजी त्यांनी बरगडी आणि पायातली बारीक नळी अशी हाडे निवडली होती, कारण त्यांच्यात आतली पोकळी कमी आणि रेघा शाबूत राहतात. सूचे वय निघाले २८ वर्षे. पुढे इतरांनी मोजले तेव्हा आकडा थोडा वर सरकला. पण तिशीच्या आसपासच राहिला. आजवर सापडलेल्या टायरॅनोसॉरसांमध्ये ही वयस्करांत गणली जाते. दोनशे वर्षे सांगणाऱ्या माझ्यासारख्याची काय अवस्था झाली असेल, विचार करा.

आणि अठ्ठावीस वर्षांची सू म्हणजे कोणी तरुणी नव्हती. तिच्या बरगड्या मोडून पुन्हा सांधलेल्या दिसतात. शेपटीचे काही मणके संधिवाताने एकमेकांना चिकटले आहेत. जबड्याला भोके आहेत. वाढ तर केव्हाच थांबली होती. हाडाच्या कडेला शेवटच्या रेघा अगदी दाटीवाटीने पडल्या आहेत. एरिक्सन यांच्या मोजणीनुसार या प्राण्याची खरी वाढ चौदाव्या ते अठराव्या वर्षांत झाली. त्या चार वर्षांत त्याचे वजन दिवसाला सुमारे दोन किलोने चढत होते. आपले चांगले पोसलेले वासरू दिवसाला अर्धा-पाऊण किलो वाढले तरी आपण समाधान मानतो.

लांब मानेच्या, पालापाचोळा खाणाऱ्या राक्षसी डायनोसॉरांचे काय? पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, तेंडागुरू नावाची टेकडी आहे. १९०९ ते १९१३ या काळात तिथे जर्मन लोकांनी मोठे खोदकाम केले. हाडे प्रचंड आणि रस्ता नाही. तिथल्या हमालांनी ती डोक्या-खांद्यांवरून दिवसच्या दिवस चालत लिंडी बंदरापर्यंत पोचवली आणि तिथून ती बर्लिनला गेली. त्यांची छायाचित्रे पाहिली म्हणजे वाटते, की बर्लिनच्या संग्रहालयातल्या त्या सांगाड्यांखाली या माणसांची नावे आधी असायला हवी होती. असो. सुमारे नव्वद वर्षांनी मार्टिन सँडर या जर्मन संशोधकाने त्याच हाडांना बारीक भोके पाडून रेघा मोजल्या. यानेन्शिया नावाच्या एका लांबमान्याचा हिशेब असा निघाला: अकराव्या वर्षाच्या आसपास वयात आला, सव्विसाव्या वर्षी पुरा वाढला, अडतिसाव्या वर्षी मेला. हत्ती साठ वर्षे जगतो. हत्तीच्या कित्येक पट वजनाचा हा प्राणी अडतिसात आटोपला! मोठ्यांत मोठ्या लांबमान्यांसाठी आज चाळीस ते साठ वर्षांच्या दरम्यानचे अंदाज बांधले जातात. शंभरी मात्र कोणी सांगत नाही.

लहान जातींचे आयुष्य आणखी आखूड होते. चीन-मंगोलियात पोपटासारख्या चोचीचा सिटॅकोसॉरस नावाचा बकरीएवढा डायनोसॉर होता. त्याच्या तपासलेल्या हाडांत सर्वांत म्हातारा निघाला तो दहा-अकरा वर्षांचा.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर झाले का? लहान जात असेल तर दहा वर्षे, टायरॅनोसॉरस असेल तर तीस, लांबमान्या असेल तर चाळीस-पन्नास, असे फळ्यावर लिहून गुरुजींनी खडू ठेवायचा का? मला वाटते, नाही. हे झाले म्हाताऱ्यांचे वय, जो टिकला त्याचे. पण टिकले किती? पुष्कळांच्या वाट्याला काय आले? हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ज्या हाडांनी दिले त्यांची हकिगत सांगतो.

अमेरिकेच्या माँटाना राज्यात मेरियन ब्रँडवॉल्ड नावाच्या बाईंचे दगड-जीवाश्मांचे दुकान होते. १९७८ साली जॅक हॉर्नर आणि बॉब माकेला हे दोघे संशोधक तिथे आले. बाईंनी कॉफीच्या डब्यात ठेवलेली काही चिमुकली हाडे त्यांना दाखवली. ती डायनोसॉरच्या पिलांची होती. पुढे त्याच भागात मातीची घरटी मिळाली, त्यांत अंड्यांची टरफले आणि पिले. पिलांचे पाय अजून कच्चे, म्हणजे घरटे सोडून चालण्याजोगे नव्हते. तरी दात मात्र झिजलेले. म्हणजे आई-बाप घरट्यात चारा आणून देत असावेत, असा अर्थ त्यांनी लावला. १९७९ साली या जातीला त्यांनी नाव दिले मायासॉरा, ‘चांगली आई सरडा’.

या मायासॉरांची हाडे माँटानात इतकी मुबलक मिळतात, की अशी सोय फार थोड्या डायनोसॉरांच्या बाबतीत आहे. २०१५ साली हॉली वुडवर्ड, हॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायासॉरांच्या पन्नास नडग्या तपासून त्यांचा जणू जन्ममृत्यूचा दाखलाच तयार केला. मायासॉरा तिसऱ्या वर्षी वयात येई. आठव्या वर्षापर्यंत पुरा वाढे. तेव्हा वजन दोन टनांच्या पुढे गेलेले असे. आणि मरण? पहिल्या वर्षात शंभरातली जवळजवळ नव्वद पिले मरत. जी दहा उरत त्यांना पुढची सात वर्षे बरी जात. वर्षाला शंभरी तेरापेक्षा थोडे कमीच मृत्यू. आठव्या वर्षानंतर म्हातारपणाची उतरण लागे आणि वर्षाला शंभरी चव्वेचाळीस दगावत.

शिक्षक मित्रांनो, हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. एक हजार पिले अंड्यांतून बाहेर आली असे धरा. पहिला वाढदिवस पाहणारी शंभर. आठ वर्षे पुरी करणारी एकोणचाळीस. नवव्या वर्षाअखेर बावीस, दहाव्याअखेर बारा, अकराव्याअखेर सात. चौदा वर्षे पुरी करणारा हजारात कसाबसा एक. आता सरासरी काढा. पहिल्या वर्षात मेलेल्या पिलांना सहा-सहा महिने आयुष्य मिळाले असे समजा, बाकीच्यांची वर्षे त्यात मिळवा आणि हजाराने भागा. उत्तर येते जेमतेम एक वर्ष! म्हातारा मायासॉरा चौदाचा, पुरा वाढलेला आठाचा, आणि सरासरी एक. यातले कोणते उत्तर खरे? तिन्ही खरी, प्रश्न तीन निरनिराळे आहेत.

सरासरी या शब्दाने आपली अशीच फसगत माणसांच्या बाबतीतही होते. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातल्या माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. हे वाचून मुलांना वाटते, की तेव्हा तिशीतच लोक म्हातारे होऊन मरत असतील. तसे नव्हते. तेव्हाही गावच्या पारावर सत्तरीचे म्हातारे बसत होते, आणि ऐंशीच्या आजीबाई सुना-नातवंडांवर हुकूम चालवत होत्या. मग ३२ कुठून आले? पाळण्यातून. घराघरांत सात-आठ बाळंतपणे होत आणि त्यांतली दोन-तीन-चार मुले देवी, पटकी, हगवण, ताप यांनी जात. कोणी सहा दिवसांचे, कोणी सहा महिन्यांचे. तुमच्या आजीला किंवा पणजीला किती भावंडे होती असे विचारले, की ती “जगलेली” किती ते सांगायची. उरलेल्यांची नावे सांगताना तिचा आवाज खाली जाई. आज आपले सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. त्यातला मोठा वाटा म्हाताऱ्यांचे आयुष्य वाढल्याचा नव्हे, पाळण्यातली मुले वाचल्याचा आहे. लस टोचणारी परिचारिका, स्वच्छ पाणी, बाळंतपणात सुईणीचे धुतलेले हात, यांनी तो आकडा वर ढकलला.

मायासॉराला यातले काहीच नव्हते. चांगली आई होती, घरट्यात चारा होता, तरीही दहातली नऊ पिले गेली. त्यांच्या जातीत धोका अंड्यापासूनच सुरू होई. २०१७ साली एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यातल्या गर्भांच्या दातांमधील रोजच्या सूक्ष्म रेघा मोजल्या. होय, दातांत दिवसाच्याही रेघा असतात! बदकचोच्या डायनोसॉरांच्या कुळातल्या, म्हणजे मायासॉराच्याच नात्यातल्या, हायपॅक्रोसॉरसचे अंडे फुटायला जवळजवळ सहा महिने लागत, असे त्यावरून निघाले. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, तेवढ्यातही मुंगूस, साप, घोरपड यांची किती धास्ती असते हे घरात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला विचारा. इथे सहा महिने! पाऊस, पूर, चोर, सगळ्यांना पुरेसा वेळ.

इतकी पिले मरत असताना हे प्राणी भराभर का वाढत, हेही आता लक्षात येईल. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यात, लांबमान्या डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. अंडी साधारण पंधरा-सतरा सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे फार तर मोठ्या नारळाएवढी. आई कित्येक टनांची आणि पिलू नारळात मावणारे! हत्तीचे पिलू जन्मतःच शंभर किलोंचे असते आणि कळप त्याला मध्ये घेऊन चालतो. नारळातल्या पिलाला मोठे होणे हाच एक बचाव होता. जितके लवकर मोठे, तितके कमी शत्रू. म्हणून मगरीच्या दराने वाढणे त्यांना परवडणारे नव्हते. मगरीचा दर धरून काढलेली दोनशे वर्षे इथेच कोसळतात.

नर्मदेचे नाव निघाले म्हणून आपल्या बाजूचेही सांगतो. हिंदुस्थानात डायनोसॉरची हाडे प्रथम सापडली ती १८२८ साली जबलपूरजवळ, आणि ती सापडली कॅप्टन स्लीमन यांना. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून ज्यांचे नाव आपण इतिहासात वाचतो तेच हे स्लीमन. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या भागात पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे आहेत. डोंगरगावला मिळालेल्या लांबमान्याला आज आयसीसॉरस म्हणतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. पिसदुऱ्याला तर डायनोसॉरांच्या दगड झालेल्या लेंड्या मिळतात. २००५ साली त्यांत गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि त्या काळी गवत नव्हते ही जुनी समजूत मोडली. ज्या काळ्या कातळावर आपला सह्याद्री उभा आहे, तो कातळ म्हणजे त्या काळच्या ज्वालामुखींचा थिजलेला रस. आणि ही हाडे त्याच्या लगतच्या, बव्हंशी त्याच्याखालच्या मातकट खडकांत आहेत.

तेव्हा विदर्भातल्या श्रोत्यांना एक विनंती. विहीर खणताना, बांध घालताना, नाल्याच्या काठी, कधी हाडाच्या घडणीचा जड दगड हाती लागला, तर तो जागेवरून हलवू नका. कुठे, किती खोल मिळाला ते लिहून ठेवा, जमल्यास छायाचित्र घ्या, आणि गावच्या शाळेत सांगा. गुरुजींनी नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावे. आणि हौसेने तो दगड धुऊन, घासून, चकचकीत करून कपाटात ठेवू नका. हाडाचा सर्वांत बाहेरचा पापुद्रा म्हणजे त्या प्राण्याची शेवटची वर्षे. घासणीने आधी जातो तो तोच पापुद्रा, आणि मग त्या जनावराचे वय काही केल्या मोजता येत नाही.